निशाच्या लग्नाची फिल्म

पुतळाबाई दोन जिने चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत जुन्या चादरीत बांधलेला कॉम्प्युटरचा डबा होता. खारदांड्यापासून घाटकोपरपर्यंत रिक्षात त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. दिशा परबने दार उघडलं आणि समोर त्यांना पाहून ती दारातच थांबली.

"मी प्रज्योतची आई," पुतळाबाई म्हणाल्या.

जशी काही दिशा त्यांना ओळखायचीच नाही. आठ वर्षं तिने या बाईच्या हातचं बोंबलाचं कालवण खाल्लं होतं. प्रज्योतच्या डब्यातली एक वाटी ठरलेली दिशाची असायची.

"या ना मावशी, आत या. द्या तो इकडे."

"जड हाय. सांभाळून घे."

दिशाने डबा टेबलावर ठेवला, पंखा लावला, पाणी आणलं. पुतळाबाई घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी पदराने कपाळ पुसलं. दोन महिन्यांत त्या निम्म्या झाल्या होत्या. मासळी बाजारात ज्यांचा आवाज टोकापासून टोकापर्यंत ऐकू जायचा, त्या आता अशा बोलत होत्या की पंख्याच्या आवाजात शब्द हरवत होते.

नोव्हेंबरात प्रज्योत गेला, त्याला आता दोन महिने झाले होते. डेंग्यू. पाच दिवस ताप होता, सहाव्या दिवशी सगळं संपलं. छत्तीस वर्षांचा होता. दिशाला ते एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. त्याचा फोटो, आणि खाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. ती गेली नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिली, आणि मग जायला तोंडच उरलं नाही.

"रविवारी निशाची ओटीभरणी हाय," पुतळाबाई म्हणाल्या. "सातवा लागला तिला. तिच्या लग्नाची फिल्म हाय ह्याच्यात. प्रज्योतने केलेली. सगळी केली, पण ती बाहेर निघत नव्हती, असं काहीतरी बोलायचा. मधीच अडकते. दहा वेळा लावायचा आणि दहा वेळा अडकायची."

"रेंडर होत नव्हती."

"हां, तेच. बोलला, आई, आता दिशाच काढेल ही." त्यांनी मान वर केली. "बोलला होता, विचारतो तिला. तुना त्यानं विचारलं होतं का गो?"

दिशाच्या हातात पाण्याचा रिकामा पेला होता. तो ठेवायला ती ओट्याकडे वळली.

"नाही मावशी," ती म्हणाली.

"मग राहून गेलं असंल," पुतळाबाई म्हणाल्या.

दिशा आणि प्रज्योतचा अंधेरीत छोटा स्टुडिओ होता. दोन खुर्च्या, दोन कॉम्प्युटर, एक एसी, तोही गळका. लग्नं, मुंजी, बारशी, शाळांची गॅदरिंग, जे मिळेल ते दोघं करत. शूटिंग प्रज्योतचं, एडिटिंग दिशाचं. त्याच्या कॅमेऱ्यासमोर माणसं लाजायची विसरून जात. कडक सासरेसुद्धा त्याला बघून हसत. पण कॉम्प्युटरचं जरा काही अडलं की हा खुर्ची मागे ढकलून ओरडायचा, "परब, ह्याला काय झालं बघ ना यार!" आणि परब उठून बघायची. दहा मिनिटांत काढून द्यायची. मग तो म्हणायचा, "तू नसतीस तर माझी वाट लागली असती." रोजचंच होतं ते.

मग दोन वर्षांपूर्वी त्याने चुकून एक मेमरी कार्ड पुसलं. बोरिवलीच्या एका घरची हळद त्यावर होती, आणि त्या घरची आजी लग्नानंतर आठवड्याभरात वारली होती. ती माणसं स्टुडिओत आली. रडत होती, भांडत होती. आणि दिशा त्या सगळ्यांदेखत म्हणाली, "मला विचारू नका. हा असाच आहे. ह्याच्या हातात काही द्यायची सोयच नाही."

प्रज्योतने त्या लोकांची हात जोडून माफी मागितली. दिशाकडे त्याने बघितलं नाही. तीही मग अडून बसली. महिन्याभरात ती वेगळी झाली, कामासाठी घाटकोपरला, मुलुंडच्या घरापासून जवळ, ही खोली घेतली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

आता त्याचा तो डबा तिच्या टेबलावर होता. बाजूला अजून तिनेच लावलेलं स्टिकर होतं, कडा उचकटलेलं. तिने तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पासवर्ड तिला माहीत होता. त्याने बदलला नव्हता.

"तुम्ही थांबा मावशी. मी बघते काय ते. सोपं असेल तर आत्ताच होईल."

पुतळाबाई स्टूल ओढून तिच्या शेजारीच बसल्या.

फाईलचं नाव होतं 'निशा लग्न फायनल सात'. फिल्म बावीस मिनिटांची. कापून, जुळवून, गाणी बसवून सगळी तयार होती. फक्त त्या शेकडो तुकड्यांची मिळून एक अखंड फाईल व्हायची बाकी होती. दिशाने रेंडर लावलं. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. दहा टक्के, तीस, पंचेचाळीस. पुतळाबाई त्या आकड्याकडे टक लावून बघत होत्या. बासष्टवर पट्टी थांबली. मिनिटभर तशीच थांबून राहिली आणि मग सॉफ्टवेअर आपोआप बंद पडलं.

"हां," पुतळाबाई म्हणाल्या. "हेच. हितंच अडकायची."

असं झालं की करायच्या गोष्टी दिशाच्या बोटांना पाठ होत्या. सगळ्यात आधी कॅश पुसायची. म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या सोयीसाठी चित्राच्या, आवाजाच्या ज्या तात्पुरत्या फाईली करून ठेवतं, त्या उडवायच्या. निम्मे आजार त्यानेच बरे होतात. तिने ते फोल्डर उघडलं, सगळं निवडलं, डिलीटवर बोट ठेवलं. आणि बोट पुढे जाईना. त्याने केलेलं काहीही, कचरासुद्धा, तिच्या हाताने पुसवेना. तिने ते फोल्डर उचलून बाजूला ठेवलं, त्याला 'जुनं' असं नाव दिलं, आणि रेंडर पुन्हा लावलं.

बासष्ट.

तिने ग्राफिक्स कार्ड बंद करून, नुसत्या प्रोसेसरवर काम चालवून बघितलं. वेळ दुप्पट लागला. बासष्ट. वेगळ्या प्रकारची फाईल करून बघितली, दुसऱ्या डिस्कवर करून बघितली. बासष्ट, आणि पुन्हा बासष्ट.

"दरवेळी एकाच जागी थांबतंय ना," ती म्हणाली, "म्हणजे मशीनचा दोष नाही मावशी. मशीन दमलं असतं तर कधी चाळीसला, कधी ऐंशीला पडलं असतं. फिल्ममधलाच एखादा तुकडा खराब आहे."

"मग आता?"

"शोधायचा. आधी फिल्मचे दोन भाग करू. जो भाग अडेल त्याचे परत दोन. असं करत करत त्या तुकड्यापर्यंत जायचं."

पहिली अकरा मिनिटं विनासायास निघाली. ती नीट आली आहेत की नाही हे बघायला लावून पाहावं लागतं, म्हणून दिशाने लावली. आणि तिच्या लक्षात आलं की आता आपली सुटका नाही, कारण प्रज्योतचा आवाज आला.

तो चित्रात कुठेच नव्हता. कॅमेऱ्यामागे होता. "आत्या, इकडे बघा, इकडे. अगो, हसा तरी, लेकीचं लगीन आहे का परीक्षा आहे?" आत्या हसायची. हिरव्या लुगड्यातल्या, अंगभर सोनं घातलेल्या बायका हसायच्या. निशा आरशासमोर बसलेली, डोळ्यांत पाणी, आणि मागून त्याचा आवाज, "ए निशे, रडू नको, काजळ पसरेल. मग मला म्हणशील फोटो वाईट आले." एरवी एडिटिंग करताना दिशा हे शूटिंग करणाऱ्याचे आवाज आधी काढून टाकायची. त्याने ठेवले होते. की काढायचं अजून राहिलं होतं, कोण जाणे.

पुतळाबाई पुढे वाकल्या होत्या. प्रत्येक चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरत होती.

"तो दिसतच नाय गो कुठं."

"कॅमेरा त्याच्याच हातात होता ना मावशी."

"एवढं दोन दिवसांचं लगीन. एकदा पण नाय?"

दिशाने दुसऱ्या अकरा मिनिटांचं रेंडर लावलं, ते पडलं. त्याचे दोन भाग केले. पुढचा निघाला, आधीचा पडला. पुन्हा दोन. दुपार कलायला आली. मध्ये एकदा दिशाने चहा केला. पुतळाबाईंनी पिशवीतून डबा काढला, सुक्या करंदीची चटणी आणि तांदळाची भाकरी. "खा. तू जेवली नसशील." दिशाने एका हाताने भाकरी खात दुसऱ्याने पुढचं रेंडर लावलं.

शेवटी तेरा मिनिटं अडतीस सेकंदांवर ती पोचली. हळदीच्या भागात एक क्लिप होती, बाकीच्यांहून वेगळी. चांगल्या कॅमेऱ्यातली नव्हे, साध्या मोबाईलमधली, उभी, थोडी हललेली. फिल्ममध्ये ती एक मिनिट चाळीस सेकंद चालणार होती. एवढी लांब क्लिप प्रज्योतने दुसरी कोणतीच ठेवली नव्हती.

तिने ती वेगळी उघडली.

प्रज्योत. गालांना, कपाळाला हळद फासलेली, गळ्यात कॅमेरा, पांढरा सदरा पिवळा झालेला. तो समोर बघून हसतोय आणि ओरडतोय, "आई, आडवा धर! फोन आडवा धर गो!" आणि फोन धरणारी बाई खळखळून हसतेय. तो हात पुढे करून जवळ येतो, चेहरा मोठा होत जातो, आणि चित्र थिजतं. हिरवे-जांभळे चौकोन पसरतात. अकरा सेकंद.

पुतळाबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. रडणं नव्हतं ते. नुसता श्वास.

"ही मी काढली. माझ्या फोनवर. हां, मीच. त्याचा हात धरून बोलले, सगळ्यांना काढतोस, मी तुझा काढते." त्यांनी दिशाचं मनगट धरलं. "पुढं लाव. पुढं तो निशाबरोबर नाचलाय. कधी नाचायचा नाय तो. त्या दिवशी नाचला."

"पुढे जात नाहीये मावशी. फाईल खराब झालीय. डिस्कचा तेवढाच भाग गेलाय." दिशाने स्वतःचा आवाज सांभाळला. "पण तुमच्या फोनमध्ये असेल ना? मूळ क्लिप तिथेच असणार. फोन द्या, मी परत घेते. दोन मिनिटांचं काम आहे."

पुतळाबाईंनी पिशवीतून फोन काढला. नवा होता.

"तो नाय हा. तो पाण्यात गेला. गणपतीच्या विसर्जनाला, हातातून सुटला. मग प्रज्योतने हा घेऊन दिला."

"कोणाला पाठवली होती का? व्हॉट्सअॅपवर? निशाला?"

"मना कुठं पाठवायला येतं. त्यानंच वायर लावून घेतली होती."

विसर्जन सप्टेंबरात झालं होतं.

दिशा पडद्याकडे बघत राहिली. प्रज्योतचा मेसेज ऑगस्टमध्ये आला होता. तिला तारीख आठवायची गरज नव्हती. तिने तो मेसेज नोव्हेंबरपासून इतक्या वेळा उघडला होता. 'परब, निशाची फिल्म बासष्टवर अडकतेय. सगळं करून बघितलं. तू असतीस तर दहा मिनिटांत काढली असतीस. बघशील का?' ती एका जाहिरातीच्या कामात होती. वाचला. आता बरी आठवण झाली, असं तिच्या मनात आलं. दोन दिवस जिरू दे जरा, मग लिहू, असंही आलं. दोन दिवसांचे आठ झाले, आणि मग ते राहून गेलं. निळ्या खुणा झाल्या होत्या. तिने वाचलंय हे त्याला दिसलं होतं.

एवढंच विचारायचं होतं, कुठली क्लिप आहे? आणि एवढंच लिहायचं होतं, आईच्या फोनवरून परत कॉपी कर.

"मावशी, तुम्ही आज जा," ती म्हणाली. "मी अजून प्रयत्न करते. शुक्रवारी या."

गुरुवारी सकाळी ती डिस्क घेऊन चंद्रप्रकाशकडे गेली. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देण्यात त्याचा हात धरणारा घाटकोपरमध्ये दुसरा कोणी नव्हता. त्याने डिस्कची पूर्ण नक्कल करून घेतली, चार तास तिच्याशी झटला, आणि मान हलवली. "दिशा, तिथे काहीच उरलेलं नाही. वाचायलाच काही नाही तर मी काढू कुठून? कोणाचं आहे?"

"मित्राचं," ती म्हणाली. हा शब्द तिने दोन वर्षांत उच्चारला नव्हता.

खोलीवर परत येऊन ती अकरा सेकंद बघत बसली. आडवा धर, आडवा धर गो. बारावा सेकंद यायचा नाही. शेवटी तिने ठरवलं, अकराव्या सेकंदावर कापायचं आणि पुढची क्लिप जोडायची. त्यासाठी तिने टाइमलाइन, म्हणजे सगळे तुकडे ओळीने मांडलेली पट्टी, मोठी केली, आणि त्या क्लिपखाली आवाजाची पट्टी दिसली. प्रज्योतने त्या पट्टीवर जागोजागी खुणा केलेल्या होत्या, आवाज कुठे वाढवायचा, कुठे कमी करायचा. पार एक मिनिट चाळीसपर्यंत. म्हणजे त्याने हे काम केलं तेव्हा क्लिप धड होती. सॉफ्टवेअरने ती पूर्ण वाचली होती.

दिशा ताडकन उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. 'जुनं' नावाचं फोल्डर तिने उघडलं. पहिल्याच दिवशी जे पुसणार होती ते. शेकडो फाईली, निरर्थक आकड्यांची नावं. तिने तारखेवरून शोधलं, त्याने ही फिल्म जुळवायला घेतली त्या मार्चमधल्या एकेक करून उघडल्या. पंचवीस-तीस झाल्यानंतर एक सापडली. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपचा आवाज सोयीसाठी वेगळा उतरवून ठेवतं. चित्र गेलं होतं. आवाज होता. पूर्ण.

तिने हेडफोन लावले आणि ऐकलं. संपल्यावर हेडफोन काढून ठेवले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

शुक्रवारी पुतळाबाई साडेदहालाच आल्या. दिशाने त्यांना सगळं समजावून सांगितलं. चित्र अकरा सेकंदांचं आहे, पुढे नुसता आवाज मिळालाय.

"त्या आवाजावर दुसरी चित्रं लावता येतील," ती म्हणाली. "बायका नाचतायत ती. किंवा समुद्राचं एक छान आहे त्याने काढलेलं, होड्यांचं. कोणाला कळणारही नाही."

"आधी ऐकव."

तिने स्पीकरवर लावलं. बँजो, ढोलकी, बायकांचा कल्ला. मध्येच प्रज्योत, अगदी जवळून, "असा, असा धर. हां. आता बघ तिकडे." मग निशा लांबून, "दादा, ये ना! आज तरी ये!" आणि तो, "नाय गो, कॅमेरा कोण धरणार?" आणि पुतळाबाईंचा स्वतःचा आवाज, पूर्वीचा, बाजारातला, खणखणीत: "दे तो कॅमेरा हिकडं! जा, नाच!" मग टाळ्या, शिट्ट्या, निशाचं किंचाळून हसणं. दमलेल्या श्वासात त्याचं, "अगो, पुरे, पडेन मी." आणि बँजो चालूच.

पुतळाबाईंनी डोळे मिटले होते. संपलं तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"दुसरी चित्रं नको," त्या म्हणाल्या. "काळं ठेव. नाचलेला मना दिसतोय. ज्यांनी बघितलं त्यांना दिसंल."

दिशाने तसं केलं. अकरा सेकंद चित्र, मग काळा पडदा आणि त्यावर दीड मिनिट आवाज. खराब फाईल काढून टाकल्यावर अडायला काहीच उरलं नव्हतं. पट्टी पन्नासवर आली, साठवर आली, बासष्टवरून पुढे गेली. शंभर झालं. पुतळाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. दिशाने फाईल पेनड्राइव्हवर घेतली, टीव्हीवर चालेल याची खात्री केली, आणि पेनड्राइव्ह हातात धरून उभी राहिली. देववेना.

"मावशी, परवा तुम्ही मला विचारलंत, त्याने विचारलं होतं का. मी नाही म्हटलं. खोटं बोलले मी. त्याचा मेसेज आला होता."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"मग?"

"मी उत्तर नाही दिलं."

"कामात असशील."

ती सुटायची वाट होती आणि पुतळाबाईंनीच ती उघडून दिली होती. दिशाला ती घ्यावीशी वाटली. "कामात होते," ती म्हणाली. "पण त्यामुळे नाही. रागात होते. मुद्दाम नाही दिलं."

पुतळाबाईंच्या ओठांची हालचाल होत होती. महिने मोजत असाव्यात. ऑगस्ट, सप्टेंबर.

"तवा माझा फोन चांगला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"परत विचारलं त्यानं?"

"नाही. एकदाच."

"एकदाच विचारायचा तो. बापूस पण तसाच होता." त्या उठल्या. पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग त्यांचा आवाज चढला, दोन महिन्यांत पहिल्यांदा चढला असेल. "दोन शब्द लिवायला किती वेळ लागतो गो? सांग मना. किती वेळ लागतो?"

दिशा भिंतीला टेकून उभी राहिली. तिने क्षमा मागितली नाही. ती मागून आपल्यालाच हलकं वाटेल, मावशींना नाही, एवढं तिला कळत होतं.

पुतळाबाईंनी तिच्या हातातून पेनड्राइव्ह घेतला, रुमालात बांधला, रुमाल चोळीत खोचला. डबा न्यायला जावई येईल, म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या, पाठमोऱ्याच.

"रविवारी तुना बोलवायचं होतं. येऊ नको. शिव्याशाप नाय देत मी तुना, काम तू चांगलं केलंस. पण रविवारी माझ्याच्यानं तुझं तोंड बघवणार नाय."

जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. एकेका पायरीवर थांबत त्या उतरत होत्या. दिशाने हात द्यायला जायला हवं होतं, आणि ती जाऊ शकली नाही.

रविवारी मुलुंडला घरी बसवेना म्हणून ती खोलीवर आली होती. दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. निशा.

"दिशाताई, तू का नाही आलीस? आई म्हणाली तुला खूप काम आहे."

दिशाच्या लक्षात आलं, पुतळाबाईंनी लेकीला काहीच सांगितलं नव्हतं.

"झाली का फिल्म बघून?"

"आत्ताच झाली." मागे बायकांचा गलका होता, भांड्यांचा आवाज. निशा बहुधा कुठल्या तरी आतल्या खोलीत गेली, कारण गलका कमी झाला. "पडदा काळा झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं टीव्ही बिघडला. मग दादाचा आवाज आला. सगळे असे गप्प झाले ना ताई... माझी सासू रडली. आई नाही रडली. ताई, त्याच्या पुढचं चित्र कुठेच नाही का?"

"नाही गं. सगळीकडे शोधलं."

"बरं."

ती पुढे काही बोलेना आणि फोनही ठेवेना. दिशाला वाटलं, हिला आज, ओटी भरायच्या दिवशी सांगायचं का? आणि आज नाही तर कधी? मग पुन्हा ते राहूनच जाणार. तिने सांगितलं. ऑगस्टचा मेसेज, न दिलेलं उत्तर, फोन तेव्हा धड होता, सगळं. पुतळाबाईंना सांगितलं त्यापेक्षा सोपं अजिबात गेलं नाही.

दिशा शिव्यांची वाट बघत राहिली.

"ऑगस्टमध्ये कधी?" निशाने विचारलं.

"एकवीस तारखेला."

"राखीनंतर," निशा म्हणाली. "राखीला मी त्याच्याशी भांडले होते. सासरचे सगळे विचारायचे, भाऊ एवढा कॅमेरावाला आणि बहिणीच्या लग्नाची फिल्म कुठाय? मी त्याला म्हटलं, तुला जमत नसेल तर सांग, मी दुसऱ्या कोणाला देते. सगळ्यांसमोर म्हटलं. जेवला नाही तो, तसाच गेला. म्हणून त्याने तुला मेसेज केला असेल. नाहीतर तो केला नसता. तुम्ही बोलत नव्हतात ना."

"निशा, असं नको..."

"त्यानंतर मी दोन महिने नीट बोलले नाही त्याच्याशी. मग एकदम हॉस्पिटलातच."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "निशा, अगो पाटावर ये, ओटी भरायची खोळंबलीय."

"आले," ती ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "आईला माझं माहीत नाही. ती तेव्हा बाजारात होती. तू सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"तुझं तिला सांगितलंस?"

"हो. परवा."

"मग तू तरी बरी," निशा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दिशा नोव्हेंबरपासून रडली नव्हती. बातमी वाचली तेव्हा नाही, त्याचा आवाज ऐकला तेव्हाही नाही. खालच्या रस्त्यावर रविवारची वर्दळ होती, खिडकी सताड उघडी होती. ती खुर्चीत बसून मोठमोठ्याने रडली. समोरच्या गॅलरीत कपडे काढणारी बाई थांबून बघायला लागली, तरी तिला खिडकी लावावीशी वाटली नाही.